मोहाखालची अस्वलं: बडोद्याहून रतनमहालला

शुक्रवार, बडोदे

बडोद्यात पाहुणे आले की आपण त्यांना लक्ष्मी विलास दाखवतो, कमाटीबागेत नेतो, शेव-उसळ खाऊ घालतो आणि वेळ असला तर पावागढ. त्याच्याही पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेलं रतनमहाल कुणाच्या यादीत नसतं. दाहोद जिल्ह्यातलं हे अभयारण्य 55.65 चौरस किलोमीटरचं आहे आणि 1982 मध्ये ते राखीव झालं ते खास अस्वलांसाठी. सिंहामुळे गीर इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण गुजरातेत साडेतीनशेच्या आसपास अस्वलंही आहेत, आणि बडोद्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला त्यांच्या जंगलात पोचता येतं, हे सांगितलं की लोक पुन्हा विचारून खात्री करून घेतात.

पाडवा झाला तसं आम्ही जायचं ठरवलं. चैत्रात मोह गळायला लागतो आणि अस्वलं त्या झाडांखाली येतात. मी, दादा, वहिनी आणि पाचवीतली माझी भाची. दादाने आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाला तरी शिकवणं सुटलेलं नाही, आणि आम्हालाही ते सुटायला नको आहे. त्याचा आग्रह असा की जंगलात जायच्या आधी कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक चक्कर मारायची. म्हणून आज दुपार तिथे गेली.

संग्रहालयाची इमारत 1894 सालची, सयाजीरावांच्या काळातली. निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा तिथे आहे. 1944 साली महीच्या मुखाशी सापडलेला हा देवमासा बडोद्यातल्या कित्येक पिढ्यांनी मान वर करून बघितला आहे. दादाने भाचीला त्याच्या जबड्यापाशी उभं केलं. "एवढं मोठं जनावर, आणि खातं काय? बोटभर कोळंबीसारखे जीव. म्हणून याला दात नाहीत. जनावर कुठलंही असो, आधी तोंड बघायचं. ते काय खातं ते कळलं की बाकीचं शरीर आपोआप उलगडतं."

"पण आपण तर अस्वल बघायला चाललोय ना, बाबा?"

"तेच सांगतोय. आपलं अस्वलही असंच. शंभर किलोचं जनावर आणि खातं वाळवी."

बाहेर झाडाखालच्या बाकावर बसून दादाने मग जगातली सगळी अस्वलं सांगितली. जाती आठच आहेत. आठही मांसाहारी घराण्यातली, वाघ-लांडग्यांच्या लांबच्या नात्यातली. पण पूर्णपणे मांसावर जगणारं त्यांत एकच, ध्रुवीय अस्वल. बाकीच्यांनी आपापल्या मुलखात जे मिळालं त्यावर पोट भरायला सुरुवात केली आणि हळूहळू त्यांची तोंडं, नखं, दाढा, झोपायच्या सवयी सगळं बदलत गेलं. पांडा त्यातला सगळ्यात टोकाचा. आतडं अजून मांसाहाऱ्याचं, आखूड. आणि खाणं जवळजवळ फक्त बांबू. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पचतो, म्हणून दिवसातले बारा-चौदा तास त्याला खातच बसावं लागतं. बांबू धरायला मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालं आहे. ती पाच बोटांखेरीजची जादा सोय. पांडाचं नवजात पिल्लू अवघं शंभरेक ग्रॅमचं असतं. भाचीला हे काही केल्या पटेना. तिने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं आणि मग आईच्या.

आग्नेय आशियातलं सूर्य-अस्वल आठांत सगळ्यात लहान, मोठ्या कुत्र्याएवढं. छातीवर पिवळट चंद्रकोर आणि मधासाठी वीतभर लांब जीभ. आपल्याकडे ते ईशान्येच्या जंगलात आढळतं. दक्षिण अमेरिकेत एकच जात, अँडीज पर्वतातली, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळं असलेली. ती झाडांवर चढून फांद्यांचा माच करते आणि तिथेच बसून फळं आणि फांद्यांवर वाढणाऱ्या वनस्पतींचे गाभे खाते. अमेरिकेतलं काळं अस्वल संख्येने इतकं, की बाकी सातही जाती एकत्र केल्या तरी त्याच्याएवढी होत नाहीत. कारण सोपं आहे. ते काहीही खातं आणि माणसाच्या शेजाराशी जुळवून घेतं. रंगही एकच नाही त्याचा. काळी, तपकिरी, आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर काही चक्क पांढरी.

"आणि कोआला?" भाचीने विचारलं.

कोआला अस्वल नव्हेच. तो पोटाला पिशवी असलेला, कांगारूंच्या गोतावळ्यातला. ऑस्ट्रेलियात अस्वल नाही, अंटार्क्टिकात नाही. आफ्रिकेतही आज नाही. अ‍ॅटलस पर्वतात एक जमात होती, ती एकोणिसाव्या शतकात संपली.

भारतात मात्र आठांपैकी चार. हिमालयात उंचावर तपकिरी, त्याच्या खालच्या जंगलात काळं, ईशान्येत सूर्य-अस्वल आणि उरलेल्या देशभर आपलं, ज्याला इंग्रज 'स्लॉथ बेअर' म्हणाले. चार जातींची अस्वलं एका देशात असणं ही मोठी श्रीमंती आहे, असं मला मनापासून वाटतं.

शनिवार, बडोदे ते कंजेटा

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या भरून सकाळी निघालो. हालोल गेलं, पावागढ आला तसा गेला. चांपानेरला थांबायचा मोह आवरला, कारण ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. देवगढ बारियाला चहा घेतला. तिथून पुढे रस्ता अरुंद होत जातो, मोहाची झाडं शेतांच्या बांधांवर दिसायला लागतात आणि घरांच्या अंगणात चटयांवर फुलं वाळत घातलेली असतात. गाडीच्या काचा खाली केल्या की तो गोडसर, जड वास आत येतो. वहिनीला तो सोसेना, मला आवडला.

उकाडा असा होता की भाचीने ध्रुवीय अस्वलाचा विषय काढला. दादाने गाडी चालवता चालवता सांगितलं: त्याची कातडी खरं तर काळी असते. केस पांढरे दिसतात, पण त्यांत रंगद्रव्य नाहीच. ते पारदर्शक आणि आतून पोकळ. कातडीखाली बोट-बोट जाडीची चरबी. हे सगळं सीलच्या चरबीवर पोसलेलं. आणि सील पकडायला त्याला समुद्रावरचा बर्फ लागतो. बर्फ उशिरा धरला आणि लवकर वितळला, तर तेवढे दिवस जास्त उपास. त्याच्या शिकारीवर आवर घालायला 1973 मध्ये पाच देशांनी करार केला. बर्फ वितळण्यावर तसा करार कोणी करायचा, हा प्रश्न भाचीचा. दादाने उत्तर दिलं नाही, गिअर बदलला.

कंजेटा गावापाशी वनखात्याचं नाकं आहे. नोंद केली, शुल्क भरलं आणि उधाल महुडाच्या निसर्ग-शिबिरात पोचलो. मोहाच्या आणि सागाच्या झाडांत राहायच्या खोल्या, बाजूला ओढा. जेवायला मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ, वर कच्चा कांदा आणि लसणाची लाल चटणी. ज्या भागात जावं तिथलं साधं जेवण जेवावं यासारखं सुख नाही.

संध्याकाळी कुठे गेलो नाही. अंधार पडल्यावर बाहेर खुर्च्या टाकून बसलो तेव्हा दादाने दरवेशाची आठवण काढली. आमच्या लहानपणी बडोद्याच्या वाड्यांच्या चौकात दरवेशी यायचा. डमरू, काठी आणि दोरीला बांधलेलं अस्वल. ते दोन पायांवर उभं राहायचं, घुंगरं वाजायची. बायका पोरांना घेऊन यायच्या. पोर रात्री दचकून उठत असेल तर अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायच्या. दादाच्याही गळ्यात तसा ताईत होता म्हणे.

ती दोरी कुठून ओवलेली असायची ते मला फार मोठेपणी कळलं. पिल्लू असताना आईला मारून त्याला पकडायचं. तापवलेल्या लोखंडी सळईने नाकाडाला आरपार भोक पाडायचं, त्यातून दोरी. सुळे तोडायचे. नाक हा अस्वलाचा सगळ्यात हळवा अवयव, त्यावरच त्याचं सगळं जगणं. डोळे आणि कान बेताचे. वास मात्र जमिनीखालच्या वाळवीचाही लागतो. त्याच नाकात दोरी. मग ते नाचायचं नाही तर काय करायचं? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा खेळ बेकायदा होता, तरी गावोगाव चालूच राहिला. कलंदर समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर चालत होती, त्यांना दुसरा धंदा मिळाल्याशिवाय तो थांबणं शक्य नव्हतं. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने नेमकं तेच केलं. अस्वलं ताब्यात घेताना कुटुंबांना रोजगाराला मदत, मुलांना शाळा. सहाशेहून जास्त अस्वलं सुटली आणि 2009 मध्ये रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वलही सुटलं. त्यातली बरीच आग्र्याजवळ कीठमच्या केंद्रात राहिली, कारण तुटलेल्या सुळ्यांची जनावरं जंगलात परत सोडता येत नाहीत.

भाचीला हे सांगावं की नाही, यावर वहिनी आणि दादाची थोडी कुजबुज झाली. सांगितलं. मला ते योग्य वाटलं.

रविवार, रतनमहाल

उजाडल्यावर निघालो. उजाडायच्या आधी निघायची माझी इच्छा होती, पण आमचे वाटाडे, जवळच्याच पाड्यावरचे राठवा काका, ठाम होते. सूर्य वर आला की मगच. आणि वाटेत त्यांची एकच सूचना पुन्हा पुन्हा: "अवाज करता चालो, बेन." काठी दगडावर आपटत, बोलत चाला. जंगलात गप्प चालावं असं आपण शहरातली माणसं समजतो. अस्वलाच्या जंगलात ते धोक्याचं. वारं उलटं असेल तर त्याला आपला वास लागत नाही, ऐकू फारसं येत नाही आणि खाण्यात ते इतकं गुंगलेलं असतं की आपण अगदी समोर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं आणि अंगावर येतं. बहुतेक हल्ले असेच होतात.

पळायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. अस्वल माणसापेक्षा वेगाने पळतं. झाडावरही चढतं. आलंच अंगावर तर पालथं पडायचं, मानेमागे हातांची घट्ट गुंफण करायची, तोंड जमिनीकडे ठेवायचं आणि ते जाईपर्यंत हलायचं नाही. भाचीने तिथेच वाटेवर पडून दाखवलं. काकांनी तिची कोपरं नीट आत घेऊन दिली.

ओढ्याच्या वाळूत पहिला माग दिसला. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा, टाच टेकलेली. पुढच्याची बोटं जवळपास एका सरळ ओळीत आणि त्यांच्या बऱ्याच पुढे नखांचे खड्डे. हीच नखं बघून 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाला दक्षिण अमेरिकेतल्या झाडांना उलटं लटकणाऱ्या स्लॉथच्या कुळात टाकलं होतं. लांब वाकडी नखं आणि वरचे पुढचे दोन दात नाहीत, एवढ्यावरून. पुढे जिवंत जनावर युरोपात गेलं तेव्हा कुळ सुधारलं, पण 'स्लॉथ' नावाला चिकटून राहिलं. झाडाला लटकायला नव्हे, ती नखं आहेत उकरायला.

कशाला, ते शंभर पावलांवर दिसलं. एक वारूळ, उन्हाने दगडासारखं टणक झालेलं, एका बाजूने कमरेएवढं खणलेलं. ओली माती बाहेर फेकलेली. दादा गुडघ्यावर बसला आणि त्याने भाचीला अस्वलाचं जेवण समजावून सांगितलं. आधी नखांनी भगदाड. मग तोंड घालून जोरात फुंकर, म्हणजे माती उडते. मग नाकपुड्या बंद. हो, हे अस्वल नाकपुड्या मिटू शकतं, नाहीतर वाळवी नाकात जाईल. ओठ लांब, केस नसलेले, नळीसारखे पुढे काढायचे. टाळू खोलगट. आणि वरचे मधले दोन दात नाहीत ती फट. त्यातून वाळवी आत ओढायची. बाकीच्या अस्वलांना बेचाळीस दात, याला चाळीस. संग्रहालयात देवमाशाच्या जबड्याखाली सांगितलेलं सगळं त्या भगदाडात होतं. आठ अस्वलांत असं तोंड दुसऱ्या कुणाचं नाही.

थोडं पुढे विष्ठा मिळाली. काकांनी काडीने फोडून दाखवली. मोहाच्या फुलांचा लगदा, वाळवीची चमकणारी डोकी आणि बोरांच्या आठोळ्या. पावसाच्या तोंडावर टेंभुर्णी, जांभळं, उंबर, बहाव्याच्या शेंगा असं खाणं बदलत जातं आणि बिया जंगलभर पडत जातात. काका म्हणाले, बहाव्याची शेंग माणूस हाताने फोडायला गेला तर घाम निघतो. रींछ ती खाऊन बी आयतंच पेरून जातं.

मधासाठी चढलेल्या एका झाडावर ओरखडे होते, खालपासून फांदीपर्यंत. त्याच्या सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. भाचीचा प्रश्न असा: हे अस्वल थंडीत झोपतं का?

झोपत नाही, कारण त्याची गरजच नाही. लांब झोप ही थंडीवरची नव्हे, उपासावरची युक्ती आहे. अलास्कातलं तपकिरी अस्वल शरदात साल्मन मासे आणि रानफळं खाऊन अफाट चरबी करतं आणि मग पाच-सात महिने गुहेत. त्या काळात खाणं नाही, पाणी नाही, शी-शू नाही. लघवीतून जायचं ते युरिया शरीरच परत वापरतं, त्यातून प्रथिनं बनवतं, म्हणून स्नायू झडत नाहीत. हाडंही ठिसूळ होत नाहीत. आपण चार आठवडे अंथरुणाला खिळलो तर काय होतं ते आठवा, म्हणजे हे केवढं अचाट आहे ते कळेल. हृदय मिनिटाला आठ-दहा ठोक्यांवर येतं. आणि त्याच अवस्थेत मादी पिल्लांना जन्म देते, दूध पाजते. ध्रुवीय अस्वलांत तर फक्त गाभण मादीच गुहेत जाते. नर हिवाळाभर बर्फावर शिकार करत हिंडतो.

हिमालयातल्या काळ्या अस्वलाची गोष्ट सांगताना दादाचा आवाज बदलला. त्याच्या पित्तातलं एक आम्ल यकृताच्या आणि पित्ताशयाच्या काही विकारांवर खरंच उपयोगी आहे. त्यासाठी चीन आणि व्हिएतनाममध्ये हजारो अस्वलं पिंजऱ्यांत ठेवून त्यांचं पित्त काढलं गेलं. तेच औषध प्रयोगशाळेत तयार होतं आणि औषधाच्या दुकानात मिळतं. आमच्या आईला पित्ताशयाच्या खड्यांसाठी डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे त्या पिंजऱ्यांना कुठलंच कारण उरलेलं नाही. मला राग आला तो याचाच.

दुपारी परतलो, झोपलो. साडेपाचला काकांनी ओढ्याच्या पल्याडच्या उतारासमोर एका खडकावर बसवलं. मध्ये ओढा, वारं आमच्या तोंडावर, अंतर ऐंशी-नव्वद मीटर. माशा, पालापाचोळा, लांब कुठे बकऱ्यांच्या घंटा. सव्वासहाच्या सुमाराला उतारावरच्या करवंदीच्या जाळीतून एक काळी आकृती बाहेर आली आणि कुणी काही बोलायच्या आधीच भाचीने माझा हात घट्ट धरला.

आधी नाक वर. हवा हुंगली. छातीवरचा पांढरट इंग्रजी 'व्ही' तेवढ्यापुरता दिसला. केस खांद्यावर इतके लांब आणि विस्कटलेले की मान कुठे संपते कळत नव्हतं. मुस्कट फिकट, राखाडी. चाल डुलत, पण मंद अजिबात नाही. त्याने वाटेतला एक दगड एका हाताने सहज उलटा केला, खाली काही मिळालं नाही, पुढे आलं. मग वारूळ. माती मागे उडत होती. फुंकर ऐकू आली, आणि तिच्यामागून तो दुसरा आवाज: शहाळं संपत आलं की नळीने तळाचं पाणी ओढताना होतो तसा, पण कितीतरी मोठा, पुन्हा पुन्हा. शंभर मीटरच्याही पलीकडे तो पोचतो असं वाचलं होतं. ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. एवढं मोठं जनावर एवढ्या छोट्या किड्यांसाठी इतकं जीव तोडून काम करत होतं.

दहा मिनिटं असेल. मग ते वारूळ सोडून उतारावरच्या मोहाखाली गेलं, डोकं खाली घालून फुलं वेचायला लागलं आणि उजेड कमी झाला तसं पाचोळ्याच्या आवाजापुरतं उरलं.

पाठीवर पिल्लं नव्हती. भाचीला तीच बघायची होती. आठ जातींत पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडणारी आई ही आपल्याच अस्वलाची रीत. थंडीत गुहेत जन्मलेली पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात आणि पुढचे कित्येक महिने आईच्या खांद्यांवरचे लांब केस धरून बसतात. थंड देशातलं अस्वल धोका दिसला की पिल्लांना झाडावर पिटाळतं. इथे माळरानात दर वेळी झाड कुठून आणायचं? आणि झाड असलं तरी बिबट्या चढतोच. म्हणून आईची पाठ. वाघ आला तरी ती पळत नाही, मागच्या पायांवर उभी राहून ओरडत चाल करून जाते. आपल्या अस्वलाच्या तापट स्वभावाची मुळं तिथे आहेत. हजारो वर्षं वाघांशेजारी पिल्लं वाढवायची म्हणजे तसं व्हावंच लागतं.

काकांनी गेल्याच आठवड्यात दोन पिल्लंवाली आई बघितली होती. एक पिल्लू खांद्यांवर, एक कमरेपाशी, आणि पुढच्या जागेसाठी दोघांची ओढाताण. ते त्यांनी हातवारे करून सांगितलं, आणि भाचीने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. पुढच्या चैत्रात परत यायचं वचन दादाकडून घेतलं.

सोमवार, परतीची वाट

निघताना पाड्यावर चहाला थांबलो. काकांच्या शेजारचे एक गृहस्थ ओसरीवर मोहाची फुलं निवडत होते. डाव्या गालापासून कपाळापर्यंत खोल व्रण, तो डोळा मिटलेला. कुणी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. उशीर केला तर गुरं खातात, ऊन लागून चिकट होतात, दुसरं कोणी वेचून नेतं. म्हणून अंधारातच टोपली घेऊन जायचं. रींछही त्याच वेळी, त्याच झाडाखाली. ते वाकून वेचत होते, तेही वाकलेलं होतं. सुटले ते आरडाओरडा ऐकून लोक धावले म्हणून.

"आता उजाडल्यावर जातो," ते म्हणाले. "चौघं मिळून. टोपली थोडी कमी भरते."

वाळलेला मोह हा त्या घराचा उन्हाळ्याचा पैसा आहे. त्या थोड्या कमी भरलेल्या टोपलीचं मोल आपल्याला बडोद्यात बसून ठरवता येणार नाही. अस्वलाने काय करावं? त्यालाही ही फुलं वर्षातून एवढेच दिवस मिळतात. दोघांच्या पोटाची वेळ एकच. वहिनी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली की निदान झाडांखालच्या वाटा मोकळ्या ठेवता येतील, झुडपं काढली की लांबून दिसेल तरी. त्यांनी मान हलवली. काही झाडांखाली ते करतातच. आम्ही त्यांच्याकडून वाळलेली फुलं विकत घेतली. दादाने भाव केला नाही.

येताना जांबुघोड्याच्या अभयारण्यातून आलो. तिथेही अस्वलं आहेत, बिबटे आहेत, कडा धरणाचं पाणी सुंदर आहे. दिसलं काही नाही, पण उन्हात कडेला उभं राहून पाणी बघितलं आणि पुढे निघालो. संध्याकाळी बडोद्यात.

कुणाला जायचं असेल तर: थंडीपासून मोहाचा हंगाम संपेपर्यंतचा काळ चांगला, पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. शिबिरात राहायचं तर वनखात्याकडे आधी नोंद करावी लागते, गर्दी फक्त सुट्ट्यांत असते. स्वतःची गाडी हवी. दुर्बीण हवीच, कारण अस्वलाच्या जवळ जायचा प्रश्नच येऊ नये. स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका आणि त्याने उजाडल्यावर म्हटलं तर उजाडल्यावरच. लहान मुलांना जरूर न्या; मात्र पालथं पडून मानेमागे हात बांधायची तालीम त्यांच्याकडून घरीच करून घ्या. रोटला आणि उडदाची डाळ शिबिरात सांगून ठेवली तर गरम मिळते.